परळची चाळ, डोंबिवलीचा सतरावा मजला: आधी सिम की आधी फोन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परळच्या चाळीतलं बिऱ्हाड पुढच्या महिन्यात डोंबिवलीला, नव्या टॉवरच्या सतराव्या मजल्यावर जातंय. बाईंची नोकरी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. लोकलने कुर्ला, पुढे शेअर रिक्षा नाहीतर बस. फोन चार वर्षांचा, बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकते. बजेट वीस हजार. नवऱ्याचं म्हणणं, घरातले चारही नंबर एकाच कंपनीत नेऊ, स्वस्त पडेल. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, ती कंपनी सोडून कुठलीही घे. सासूबाईंचा बटणांचा फोन आहे आणि तो त्या बदलणार नाहीत. मुंबईत सध्या सगळ्यात चांगलं नेटवर्क कोणाचं आणि वीस हजारांत फोन कुठला घ्यावा, असं त्यांनी विचारलंय.

या दोन्ही प्रश्नांवर माझं घर चाललंय, म्हणून जरा लांबण लावतो. 2004 ते 2019 मी मोबाइल टॉवरच्या कामात होतो. ड्राइव्ह टेस्ट, म्हणजे फिरून सिग्नल मोजणं, मग ऑप्टिमायझेशन, म्हणजे तो सुधारणं. आता डोंबिवली पूर्वेला भावाच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरला असतो. आधी नेटवर्क वाईट का ते शोधायचो, आता नेटवर्क वाईट म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला फोन विकतो. दुसऱ्या धंद्यात पैसा बरा आहे.

मुंबईत सगळ्यात चांगलं नेटवर्क कोणाचं, हे विचारणं म्हणजे मुंबईत सगळ्यात चांगला शेजार कुठे मिळतो असं विचारणं. शेजार मजल्यावर ठरतो. तुमचा दिवस तीन ठिकाणी जातो: सतरावा मजला, लोकलचा डबा आणि बीकेसीतलं टेबल. तुमच्यापुरती मुंबई एवढीच. अंधेरीत कोणाचा स्पीड किती येतो, याचं तुम्हाला काय करायचंय?

आणि तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, बॅटरीची. रविवारी घरी असता तेव्हा हाच फोन किती चालतो? संध्याकाळी सात-आठपर्यंत टिकत असेल आणि ऑफिसच्या दिवशी तीनला संपत असेल, तर बॅटरी म्हातारी झालीय हे खरं, पण तिला ऑफिसात कोणीतरी मारतंय हेही खरं. फोनला टॉवर नीट ऐकू येत नसला की तो स्वतःचा आवाज वाढवतो. जास्तीत जास्त साधारण 200 मिलिवॅटपर्यंत. टॉवर जवळ असेल तर हेच काम त्याच्या हजाराव्या हिश्शातही होतं. वर दुर्बळ सिग्नलमध्ये फोन सारखा दुसरा टॉवर शोधत राहतो, 5जीवरून 4जीवर, पुन्हा 5जीवर. दुकानात 'बॅटरी उतरते' म्हणून येणाऱ्यांना मी आधी विचारतो, कामाला कुठे बसता? तळघरातला पार्किंगवाला, काचेच्या इमारतीतल्या मधल्या खोलीतला अकाउंटंट, बँकेच्या लॉकररूमजवळ बसणारी बाई. यांना नवा फोन दिला तरी सहा महिन्यांत तीच तक्रार घेऊन परत येतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जागा, मग सिम, फोन सगळ्यात शेवटी. तुम्ही उलट्या बाजूने निघाला आहात.

आता जागा कशी तपासायची. फोनवरच्या रेघा बघू नका. किती सिग्नलला किती रेघा दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. एकाच टेबलावर एकाच कंपनीची दोन सिमं दोन फोनमध्ये घातली तर एकात चार रेघा आणि दुसऱ्यात दोन दिसतात. आकडा बघायचा. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', तिथे 'सिम स्टेटस', तिथे सिग्नल स्ट्रेंथ म्हणून उणे चिन्हाचा आकडा आणि पुढे डीबीएम असं असतं. काही फोनमध्ये तो आणखी एक पायरी आत दडवलेला असतो. आयफोनमध्ये डायलरवर *3001#12345#* दाबलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो, त्यात आरएसआरपी शोधा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा तोच आकडा. उणे 80च्या आसपास असेल तर उत्तम. उणे 95 ते 100 चालतं. उणे 110ला फोन कण्हायला लागतो आणि उणे 120ला कॉल गेलाच. या आकड्यांची गंमत अशी की दहाचा फरक म्हणजे दहापट. म्हणजे हॉलमध्ये उणे 90 आणि मागच्या बेडरूममध्ये उणे 110 असेल, तर बेडरूममध्ये शंभरावा हिस्सा सिग्नल पोचतोय. हे नवऱ्याला सांगा, 'एकाच घरात काय फरक पडणार' असं ते म्हणणार आहेत.

आम्ही हेच काम गाडीत बसून करायचो. लॅपटॉप, त्याला वायरींनी जोडलेले चार फोन, टपावर जीपीएसची डबी, आणि दर दोन मिनिटांनी आपोआप लागणारा कॉल. रस्ते झाले की लोकल. 2006च्या जुलैनंतर लोकलमध्ये वायरी लटकणारी बॅग घेऊन बसणं म्हणजे काय, ते आमच्या टीमलाच माहीत. एकदा ठाण्याच्या अलीकडे एका काकांनी शांतपणे विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं, "नेटवर्क तपासतोय." त्यांनी डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अरे, हे नेटवर्कवाले आहेत!" आणि पुढची पंचवीस मिनिटं मी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या तक्रारी लिहून घेत होतो. त्यातल्या तीन खऱ्याखुऱ्या कामाच्या निघाल्या. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची, आणि रोजचे लोक "बोगदा आला, नंतर करते" म्हणत स्वतःच कॉल ठेवायचे. ड्राइव्ह टेस्टच्या अहवालात हे दिसत नाही. लोकांनी जुळवून घेतलेलं असतं.

लोकलसाठी नेटवर्क निवडण्याच्या फार भानगडीत पडू नका. तिथे जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया या तिन्ही कंपन्यांची थोड्याफार फरकाने सारखीच तारांबळ असते. डबा लोखंडाचा, दर मिनिटाला टॉवर बदलायचा, आणि प्रत्येक टॉवर बदलताना एकाच गाडीतले हजारो फोन एकदम रांगेत. एसी लोकलमध्ये आणखी कमी, कारण दारं-खिडक्या बंद. प्रवासात ऐकायचं-बघायचं ते घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. जमिनीखालच्या मेट्रोचं गणित निराळं आहे: बोगद्यात बाहेरचा टॉवर पोचतच नाही, आत ज्या कंपनीचं यंत्र बसलंय तीच चालते. तुमच्या वाटेत मेट्रो 3 नाही, म्हणून तो विषय सोडतो.

सतरावा मजला मात्र नीट समजून घ्या, कारण इथे लोक हमखास फसतात. उंचावर गेलं की नेटवर्क चांगलं मिळेल असं वाटतं. टॉवरवरच्या अँटेना रस्त्याकडे आणि पाच-सात मजल्यांच्या वस्तीकडे खाली झुकवलेल्या असतात. सतराव्या मजल्यावरून तुमच्या फोनला जवळच्या टॉवरचा डोक्यावरचा भाग दिसतो आणि दूरचे आठ-दहा टॉवर सरळ दिसतात, खाडीपलीकडचेसुद्धा. सगळे सारख्याच आवाजात बोलतात. लग्नाच्या हॉलमध्ये दहा ओळखीचे एकदम हाका मारतात तसं. आवाज भरपूर, पण शब्द एकाचाही कळत नाही. लोअर परळला एका टॉवरच्या सत्ताविसाव्या मजल्यावर एक गृहस्थ मला फोन दाखवून म्हणाले होते, "हे बघा, फुल रेघा, आणि आवाज रोबोसारखा." त्यांचं बरोबर होतं. आमच्या मोजणीत त्यांचा फोन अर्ध्या तासात अकरा वेगवेगळ्या टॉवरना चिकटून आला होता, त्यातला एक वांद्र्याच्या बाजूचा. उपाय म्हणून शेवटी इमारतीच्या आत छतात छोट्या अँटेना बसवाव्या लागल्या. बाहेरून काही होण्यासारखं नव्हतं.

त्यात तुमचं चाळीतलं घर आठवा. लाकडी माडी, विटांच्या भिंती, पुढे गॅलरी, मागे खिडकी, दिवसभर दार उघडं. सिग्नलला यायला वाटच वाट. नव्या टॉवरमध्ये भिंती बहुतेक मायवान पद्धतीच्या असतील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट आणि आत सळ्यांची जाळी. फोटो टांगायला खिळा ठोकून बघा, कळेल. अशा दोन भिंती ओलांडून मागच्या बेडरूममध्ये जाताना सिग्नलचं पाणी होतं. इथे कुठल्या कंपनीकडे कुठली फ्रीक्वेन्सी आहे, याला अर्थ येतो. जितकी फ्रीक्वेन्सी कमी, तितका सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून बरा शिरतो. 700, 850, 900 मेगाहर्ट्झ ही भिंतीत शिरणारी मंडळी. 1800 मधलं. 2300, 2500 आणि 5जीचं 3300च्या पुढचं म्हणजे रस्त्यावर पळणारे घोडे. खिडकीत भन्नाट स्पीड, न्हाणीघरात शून्य. 4जीसाठी जिओ 850, 1800 आणि 2300 वापरतं, एअरटेल 900, 1800, 2100 आणि 2300, व्होडाफोन आयडिया 900, 1800, 2100 आणि 2500. 700 हे जिओकडे आहे, 5जीसाठी. पण कागदावर असणं वेगळं आणि तुमच्या बिल्डिंगसमोरच्या टॉवरवर ते लावलेलं असणं वेगळं. कंपन्यांनी आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे ठेवलेत, ते बघून घ्या. फक्त नकाशात रस्ता रंगवलेला असतो, तुमची मागची बेडरूम नाही.

मग करायचं काय? ताबा मिळाला असेल तर एका संध्याकाळी तिन्ही कंपन्यांची सिमं असलेले फोन घेऊन जा. घरातले, शेजारचे, कोणाचेही. फोन शक्यतो बरोबरीच्या किमतीचे असू देत. हॉल, स्वयंपाकघर, मागची बेडरूम, बाथरूमचं दार लावून आत, आणि लिफ्टबाहेरचा पॅसेज. प्रत्येक ठिकाणी आकडा लिहायचा आणि एक खरा कॉल लावून मिनिटभर बोलायचं. स्पीड टेस्टसुद्धा करा, पण रात्री नऊच्या सुमाराला. सकाळी अकराला नव्या संकुलात अर्धी घरं रिकामी असतात, तेव्हा सगळ्यांचंच नेटवर्क राजासारखं धावतं. रात्री सगळे घरी येऊन मॅच लावतात तेव्हा खरं रूप कळतं. लालबागला गणपतीच्या दहा दिवसांत हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको: फुल रेघा, आणि "आम्ही रांगेत आहोत" एवढा निरोप जायला दहा मिनिटं. तिथे सिग्नल कमी नसतो, माणसं जास्त असतात. कंपन्या चाकावरचे टॉवर आणून उभे करतात, तरी पुरत नाही.

तपासणीच्या आधी एक फुकटची चौकशी: गेटवरच्या वॉचमनला विचारा. तो बारा-बारा तास तिथे फोन घेऊनच बसतो आणि त्याला कुठलीही कंपनी विकायची नसते. बिल्डिंगमध्ये पार्सल घेऊन येणारी मुलंही सांगतील, लिफ्टमधून बाहेर आल्यावर कुठल्या सिमला ओटीपी येतो आणि कुठल्याला जिना उतरावा लागतो.

बीकेसीचं उत्तर तुमच्या मैत्रिणीने दिलंय, पण अर्धवट. तिथल्या बऱ्याच इमारतींच्या काचांवर ऊन अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो. आत जे चालतं ते छतात बसवलेल्या अँटेनांवर, आणि त्यावर कुठली कंपनी आहे हे इमारतीगणिक बदलतं. मैत्रीण तुमच्याच मजल्यावर बसत असेल तर तिचा शब्द सोन्याचा. दोन इमारती सोडून बसत असेल तर ऐकून सोडून द्या.

दोन्ही जागांचे आकडे समोर आले की मला वाटतं असं निघेल: घरी एक कंपनी बरी, ऑफिसात दुसरी. बहुतेकांचं असंच निघतं. तेव्हा मी दोन सिम वापरायला सांगतो. मुख्य नंबर जिथे जास्त कॉल घेता तिथल्या कंपनीत, आणि दुसऱ्या कंपनीचं डेटापुरतं सिम. फोनमध्ये 'डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर' अशी सोय असते, ती चालू ठेवा. नाहीतर एका सिमवर बोलत असताना दुसऱ्याचं इंटरनेट थांबतं आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

घरापुरता आणखी एक उपाय आहे, आणि तो दुकानदार सांगत नाहीत कारण त्यात विकायला काही नसतं. वायफाय कॉलिंग. डोंबिवलीच्या घरात ब्रॉडबँड घेणारच असाल. फोनच्या सिमच्या सेटिंगमध्ये हे बटण असतं, चालू केलं की घरातला कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जातो. जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया, तिघांकडेही हे आहे. वेगळं अ‍ॅप नाही, समोरच्याला कळतही नाही. मागची बेडरूम उणे 118 दाखवत असेल तरी तिथे बसून तासभर आईशी बोलता येईल. फक्त राउटरला छोटा बॅकअप जोडा. वीज गेली की राउटर जातो आणि कॉल परत त्या काँक्रीटच्या भरवशावर.

आता नवऱ्याची एकाच कंपनीची योजना. कंपनी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत. ती जिओ असेल तर सासूबाईंचा फोन गप्प बसेल. जिओकडे 2जी नाहीच, सगळे कॉल 4जी-5जीवर जातात. साधा बटणांचा जुना फोन फक्त 2जी ओळखतो. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने 3जी बंद केलं, पण 2जी ठेवलंय, ते अशा फोनसाठीच. सासूबाईंना 4जीचा बटणांचा फोन देता येईल, पण तुम्हीच म्हणता त्या बदलणार नाहीत. मग त्यांचा नंबर जिथे आहे तिथे राहू द्या. त्यांना डेटाचा रिचार्ज मारत असाल तर तोही थांबवा. ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावलेत, आणि त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. अ‍ॅपमध्ये ते पॅक पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली उतरत जावं लागतं. का, ते तुम्हीच समजा.

पॅकचा हिशोब चालूच आहे तर 28 दिवसांचंही बघा. महिन्याचा रिचार्ज म्हणून आपण जो मारतो तो 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा. चार नंबरांच्या घरात वर्षाला चार रिचार्ज जास्तीचे. 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे निदान एकेक पॅक ठेवणं कंपन्यांना 2022 पासून बंधनकारक आहे. दर दिवसाच्या हिशोबाने तुलना करा, आणि 'अनलिमिटेड 5जी' कुठल्या पॅकपासून सुरू होतं ते वाचून घ्या. ते सगळ्यात स्वस्त पॅकवर नसतं.

गाव कुठलं, हेही तुम्ही लिहिलं नाहीत. कोकणातलं असेल तर दुसरं सिम निवडताना गावाला मत द्या. गणपतीत दहा दिवस घाटाखालच्या वाडीत एकाच कंपनीचा टॉवर आणि तोही डोंगराच्या पलीकडे, ही परिस्थिती अजून आहे, आणि काही वाड्यांमध्ये बीएसएनएलशिवाय दुसरं काही लागत नाही. चुलतभावाला फोन करून विचारा, तिथल्या वहिनी कुठलं सिम वापरतात. भावोजी नव्हे, वहिनी. त्या घरात असतात.

पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची ठरलं तर: इंग्रजीत 'पोर्ट', मग जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस 1900ला. आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्याकडे तो चार दिवस चालतो. त्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं, आणि जुलै 2024 पासून असा नियम आहे की सिम हरवलं-बिघडलं म्हणून बदलून घेतलं असेल तर सात दिवस पोर्ट करता येत नाही. परळ काय आणि डोंबिवली काय, दोन्ही मुंबई सर्कलमध्येच. त्यामुळे तीन कामाच्या दिवसांत होतं. शिल्लक बॅलन्स बुडतो, तेव्हा पॅक संपत आला की करा. जुनं सिम बंद पडून नवं सुरू होईपर्यंत काही तास फोन मुका असतो. आणि नुसतं सिम बदललं किंवा ई-सिम करून घेतलं तरी पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, फसवणूक टाळायला तशी योजना केलीय. घराच्या कर्जाचा हप्ता, सामान हलवणाऱ्यांचं पेमेंट, गॅस कनेक्शनची बदली, यातलं काही ज्या दिवशी आहे त्या दिवशी सिमला हात लावू नका. घर बदलण्याच्या आठवड्यात तर नकोच.

राहिला फोन. वर सांगितलं तसं नेटवर्क सुधारल्यावर जुना फोन पुन्हा चालायला लागला, तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलायचा खर्च विचारा. चार वर्षांचा फोन 5जीचा असेल आणि त्याला अजून सुरक्षेचे अपडेट येत असतील, तर नव्या बॅटरीवर आणखी दीड-दोन वर्षं सहज निघतात. दुकानदार म्हणून हे लिहायला मला आनंद होत नाहीये.

नवाच घ्यायचा तर मॉडेलचं नाव मी देत नाही. आज लिहिलेलं नाव दिवाळीपर्यंत शिळं होतं. वीस हजारांत मी स्वतःच्या बहिणीला काय बघायला लावलं ते सांगतो. पहिलं, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीने लेखी सांगितलंय का. तुम्ही फोन चार वर्षं वापरणाऱ्या बाई आहात, दोन वर्षांचं आश्वासन असलेला फोन तुमच्या कामाचा नाही. त्यावरच तुमची बँक आहे. दुसरं, तपशिलात बँडची यादी, म्हणजे फोन कुठल्या फ्रीक्वेन्सी पकडतो ती. 4जीसाठी 1, 3, 5, 8, 40, 41 आणि 5जीसाठी एन78 हवाच, एन28 असेल तर उत्तम. भारतात विकायला आलेल्या फोनमध्ये हे बहुतेक असतंच. घोटाळा होतो तो भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या किंवा बाजारात कच्च्या बिलावर मिळणाऱ्या बाहेरच्या फोनमध्ये. एखादा बँड नसतो, कधी 4जीवरचा कॉलच लागत नाही. अमेरिकेतल्या आयफोनला 14पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. जपानच्या बऱ्याच फोनमध्ये फोटो काढतानाचा 'खच्' आवाज बंद होत नाही. आमच्याकडे एकजण देवळात तो फोन काढून लाजून परत घेऊन आला होता. हिरापन्ना, मनीष मार्केटला जरूर जा, हिंडायला मजा येते. पण जीएसटीचं बिल आणि त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, छापलेला, हे मिळत नसेल तर दोन हजारांची बचत सोडून द्या. *#06# दाबून येणारा पंधरा आकडी नंबर, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. जुना फोन घेत असाल तर इंग्रजीत 'केवायएम', जागा, आणि तो नंबर असा एसएमएस 14422ला पाठवा. चोरीचा म्हणून काळ्या यादीत असेल तर तिथेच कळतं.

तिसरं, पाणी. कुर्ल्याला उतरून रिक्षापर्यंतचा जुलैतला रस्ता तुम्हाला माहीत आहे. आयपी54 म्हणजे शिंतोडे चालतात, आयपी68 म्हणजे बुडाला तरी काही वेळ तग धरेल, तेही नव्या फोनपुरतं आणि गोड्या पाण्यात. पण आत पाणी शिरलं तर वॉरंटी जवळपास कोणीच देत नाही, आकडा कितीही असो. झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवा, आणि भिजलेल्या फोनला लगेच चार्जर लावू नका. आमच्याकडे पावसाळ्यात येणारे मेलेले फोन पाण्याने कमी आणि त्या घाईच्या चार्जिंगने जास्त मेलेले असतात.

कॅमेरा, गेमिंग, पडद्याचा रंग यावर तुम्ही विचारलं नाहीत, मीही बोलत नाही. स्टोरेज 128 जीबीच्या खाली घेऊ नका. सर्व्हिस सेंटर कल्याण-डोंबिवली-ठाण्यात आहे का बघा. शनिवारी त्यासाठी परत दादरला जायची वेळ नको. दोन सिम लावणार आहात, तेव्हा दुसरं सिम आणि मेमरी कार्ड एकाच खाचेत भांडतात का, तेही विचारा.

ताबा कधी मिळतोय? हॉल आणि मागची बेडरूम यांचे आकडे वेगवेगळे लिहून पाठवा, रात्रीचे, तिन्ही सिमचे. बिल्डिंग डोंबिवलीत नेमकी कुठल्या बाजूला आहे तेही. कल्याण-शीळ रोडच्या अंगाला असेल तर एकेक टॉवर मला आठवतो, दोन-तीनच्या अँटेना तर मीच झुकवल्यात.